कुलूपबंद खोलीतली गळाची काठी

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीच्या मुलाला गरी टाकायची असली, तर तो काय करतो? बांबूची बारीक काडी तोडतो, दोरा नि गळ बांधतो, गांडूळ अडकवतो आणि निघाला तळ्यावर! खर्च जवळजवळ शून्य. पण बहुधा याच जातीच्या बांबूची काठी अमेरिकेतले शौकीन जिवापाड जपतात, असं सांगितलं तर?

हायरम लेनर्ड हा अमेरिकेच्या मेन राज्यातला बंदुका बनवणारा कारागीर. १८७१ च्या सुमारास बँगोर गावी तो गळाच्या काठ्या करू लागला. बांबू चिरून जोडायची युक्ती त्याच्याआधी सॅम्युअल फिलिपीनं केली होती, पण बाजारात नाव गाजलं ते लेनर्डचं. त्याला लागणारा बांबू जायचा कलकत्ता बंदरातून. जाणकार म्हणतात, तो मानवेल. हो, तोच, आपल्या झाडीपट्टीतल्या जंगलातला जवळपास भरीव बांबू! तिकडं मात्र त्याला बंदराचं नाव मिळालं, 'कलकत्ता केन'.

बांबूची खरी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. म्हणून लेनर्ड त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढी, शेंड्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. साल बाहेर ठेवून त्या सरसानं चिकटवल्या, की झाली षट्कोनी काठी. कशी? कागदाचे सहा समभुज त्रिकोण कापा आणि टोकं मध्ये आणून जुळवा. ६० अंश गुणिले सहा, बरोबर ३६०! पण एक जरी पट्टी केसभर चुकली, तर फट पडलीच. सगळी करामत इथं आहे.

लेनर्डनं या पट्ट्या अचूक कापणारं यंत्र बनवलं आणि म्हणे कुलूपबंद खोलीत ठेवलं! पण यंत्राला कुलूप लागतं, शिकलेल्या हातांना कसं लागणार? पेन, थॉमस, एडवर्ड्स हे त्याच्याकडचे कारागीर १८९० च्या सुमारास बाहेर पडले आणि स्वतः नामवंत काठीकार झाले. अमेरिकेतल्या काठ्यांचं हे सारं घराणं लेनर्डपासूनच सुरू होतं.

पुढं चीनचा सरळ, लांब पेरांचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्ता केन मागं पडला. मग काचतंतू आले, कार्बन आला. लेनर्ड १९०७ मध्ये वारला, कारखाना १९६४ मध्ये जळाला, पुन्हा उभा राहिला आणि १९८४ मध्ये कायमचा बंद झाला. काठ्या मात्र शौकिनांकडे आहेत. त्यातल्या अगदी जुन्या काठ्यांवर भाजल्याचे काळे डाग दिसतात. आपल्याकडून गेलेला बांबू ओळखायची ती खूण.