सुरांची साधना आणि शुश्रूषेचे व्रत

बारावीचा निकाल लागला की, ज्या मराठी घरातील मुलगी गाण्यात विशारदपर्यंत पोहोचलेली असते, त्या घरात एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. गाणे उत्तम आहे. पण गाण्यावर चरितार्थ कसा चालावयाचा? अशा वेळी कोणीतरी परदेशी विद्यापीठांतील संगीतोपचाराच्या पदवीचे नाव काढतो आणि कला व उपजीविका यांचा मेळ आपोआप जमला, असे सर्वांनाच वाटू लागते. हा समज अगदीच निराधार नाही. परंतु या शिक्षणाचे खरे स्वरूप जाणून न घेता त्याकडे वळणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे.

या विषयाला विद्यापीठात स्थान मिळाले ते युद्धाच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील रुग्णालये जखमी सैनिकांनी भरून गेली, तेव्हा अनेक गायक-वादक तेथे जाऊन आपली कला सादर करीत. रुग्णांत दिसणारा पालट डॉक्टरांच्या नजरेत भरला. पण केवळ चांगले गाता-वाजविता येणे पुरेसे नाही, हेही त्याच वेळी उमगले. समोरच्या माणसाला नेमके काय झाले आहे, त्याला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचे ज्ञान कलावंताजवळ नव्हते. म्हणून १९४४ साली मिशिगन स्टेट कॉलेजात स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. पाठोपाठ १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात ई. थेयर गॅस्टन यांनी तेच कार्य हाती घेतले. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्युलिएट अल्विन यांच्या प्रयत्नांतून १९६८ साली लंडनच्या गिल्डहॉल संस्थेत असे शिक्षण मिळू लागले. सारांश, ही पदवी जन्मली तीच मुळी कलेची मर्यादा ओळखल्यामुळे.

अभ्यासक्रमाची घडणही तेच सांगते. अमेरिकेत विद्यार्थ्याला गळ्याबरोबर पियानो, गिटार आणि तालवाद्ये हाताळावी लागतात. शिवाय मानसशास्त्र व शरीररचना यांचे अध्ययन करावे लागते. एवढ्याने भागत नाही. अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली किमान १२०० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्यांपैकी निदान ९०० तास अंतर्वासितेचे असतात. त्यानंतर १९८३ साली स्थापन झालेल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यावयाची, ती वेगळीच. ब्रिटनमध्ये तर पदव्युत्तर शिक्षण व शासनमान्य नोंदणी यांवाचून स्वतःला संगीतोपचारक म्हणवून घेणेही कायद्याला मान्य नाही.

इतक्या कसोट्या कशासाठी, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्याने वाचा गेलेला एखादा रुग्ण साधा शब्द बोलू शकत नाही, पण गाण्याचे शब्द मात्र गाऊ शकतो. या निरीक्षणावर आधारलेली एक उपचारपद्धती १९७३ साली अमेरिकेत मांडण्यात आली. तीत ‘पाणी हवे’ यासारखे नित्याचे शब्द दोन-तीन सुरांत बांधून रुग्णाबरोबर म्हटले जातात आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या डाव्या हातावर हलकेच ठेका धरला जातो. पुढे उपचारक आपला आवाज हळूहळू मागे घेतो, सूरही ओसरत जातो आणि अखेर उरते ते साधे बोलणे. सर्वांनाच सारखा गुण येतो, असे नाही. पण जेथे येतो, तेथे गाणे नाहीसे होणे हेच उपचाराचे यश ठरते. टाळ्यांची सवय जडलेल्या कलावंताला हे पचविणे सोपे नाही.

आपल्याकडे अमुक राग अमुक व्याधीवर, अशा याद्या मोठ्या विश्वासाने सांगितल्या जातात. ऐकावयास त्या गोड असल्या, तरी तयार औषधासारखा राग हाती देणे म्हणजे संगीतोपचार नव्हे. त्या रुग्णाला कोणते संगीत आपले वाटते, उपचाराचे उद्दिष्ट कोणते आणि ते कितपत साधले याची नोंद कशी ठेवावयाची, हे प्रश्न तेथे आधी येतात.

तेव्हा या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी संस्थेचे माहितीपत्रक चाळताना पदवीच्या नावावर भाळू नये. प्रत्यक्ष रुग्णांसमवेत किती तास काम मिळणार, देखरेख कोण करणार आणि ज्या देशात नोकरी करावयाची तेथे ती पदवी ग्राह्य आहे की नाही, हे प्रथम विचारावे. रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम येथे काम मिळते; परंतु जागा मोजक्याच असतात, हेही विसरू नये. आणि एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावा : आपल्याला गावयाचे आहे, की कोणाला तरी बोलते करावयाचे आहे? पहिले उत्तर मुळीच कमी प्रतीचे नाही. त्याची वाट मात्र निराळी आहे.