दारात विंचू, खिशाला डंख!

रविवारी उजाडलं की सणसवाडीतल्या आमच्या गल्लीत एक आवाज घुमतो. झोपलेली कुत्री उठतात, काकू आतून ‘झालं याचं सुरू’ म्हणते आणि माझा चुलतभाऊ इंजिन गरम होईपर्यंत गाडीशेजारी नुसता हसत उभा राहतो. पांढरी गाडी, बाजूला लाल पट्टे आणि पुढे विंचवाचं चिन्ह. अबार्थ पुंटो! कॉलेजात असताना दादाच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर हीच गाडी होती. इथल्याच एका कंपनीत शिफ्ट करून, पैसे साठवून आणि थोडं कर्ज काढून त्याने ती सेकंडहँड घेतली. साडेपाच लाखांना.

गंमत म्हणजे ही ‘इटालियन’ गाडी जन्मली आमच्यापासून अर्ध्या तासावर, रांजणगावात! आजोबांच्या पिढीची फियाट म्हणजे कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी. आमच्या पिढीची फियाट मात्र टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यातून यायची. कार्लो अबार्थ या माणसाने १९४९ मध्ये इटलीत रेसिंगच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. त्याची रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. त्याचं नाव लावलेली पुंटो भारतात आली ऑक्टोबर २०१५ मध्ये. किंमत ९ लाख ९५ हजार (एक्स-शोरूम दिल्ली), १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत एवढी ताकद त्या वेळी दुसरं कुणी देत नव्हतं.

मग सुख नेमकं कशात आहे? दादाला विचारलं तर तो चावीच हातात देतो. “बोलून नाही कळायचं, बस.” खरंय ते. स्टिअरिंग जड लागतं, पण हायवेला हातात एकदम ठाम बसतं. टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटते. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. शिवाय मित्रमंडळी आहेच. पेट्रोल पंपावर अनोळखी माणूस येऊन ‘अबार्थ ना?’ विचारतो आणि पुढची वीस मिनिटं दोघं इंजिनावर गप्पा मारत उभे!

आता डंख. दादाने गाडी घेतली तेव्हा ती चकचकीत होती. दोन महिन्यांत क्लच घसरायला लागला. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला तेव्हा कळलं, आधीच्या मालकाने इंजिन रीमॅप करून ताकद वाढवली होती आणि गाडी मनसोक्त पळवली होती. विकताना हे सांगायचं तो सोयीस्कर विसरला. पार्ट आणि मजुरी मिळून चाळीस हजारांच्या वर गेले. त्यातही पार्ट मिळेपर्यंत गाडी दीड महिना पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि दादा पुन्हा बाइकवर. पण हप्ता थांबत नाही ना! काका रोज शेडकडे बघून एकच वाक्य म्हणायचे, “एवढ्यात रानाला ठिबक झालं असतं की रं.”

फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री थांबवली. रांजणगावात आता जीप कंपास बनते. त्यामुळे अबार्थचे पार्ट शोधावे लागतात. लिनिया टी-जेटचे काही चालतात, काही बाहेरून मागवावे लागतात. जी गाडी शेजारच्या गावात बनली, तिच्यासाठी कुरियरची वाट बघायची!

बाकीचा हिशेबही बघा. टर्बो इंजिनाला चांगलं सिंथेटिक ऑइल लागतं, तिथे कंजुषी चालत नाही. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर इंजिनाचं मोठं काम निघू शकतं. सेकंडहँड गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त. जुन्या गाडीला झिरो डेप इन्शुरन्स सहजासहजी मिळत नाही. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, म्हणजे चौघं बसले की आमच्याकडचे गतिरोधक तिरके घ्यायचे. आणि पाय जड असेल तर पेट्रोलचं विचारूच नका.

खर्च फक्त आपल्यालाच होतो असं नाही. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ती भारतात आणताना एक कोटीहून जास्त सीमाशुल्काचा प्रश्न आला. सरकारने ते माफ केलं, त्यावर वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये ती फेरारी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. भेट मिळालेली गाडीही फुकट नसते, आपण तर विकत घेतोय!

घ्यायचीच असेल तर दादाचे धडे लक्षात ठेवा. गाडी थंड असताना सुरू करून बघा. सर्व्हिसची बिलं आणि जुने इन्शुरन्स क्लेम मागा. आरसीवर बँकेचा बोजा आणि ऑनलाइन चलन तपासा. स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको. आणि गाडीच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवून मगच व्यवहार करा. तेवढे नसतील तर चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी बघा. तिचंही उत्पादन थांबलंय, पण रस्त्यावर पोलो भरपूर आहेत, त्यामुळे पार्ट आणि मेकॅनिक लवकर सापडतात.

आणखी एक. नगर रोड म्हणजे ट्रॅक नाही. एकदा अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढे आली. ब्रेक लागले म्हणून वाचला. तेव्हापासून दादा अंधारात ही गाडी काढतच नाही आणि वेगाची हौस मित्रांना सांगण्यापुरती ठेवतो.

मध्यंतरी त्याने गाडी विकायचं ठरवलं होतं. एक जण बघायलाही आला, भाव पाडून मागितला. दादाने नाही म्हटलं. आता दर पगाराला पाच हजार ‘गाडीच्या खात्यात’ जातात आणि त्यासाठी नवा फोन, बाहेरचं खाणं बंद झालंय. “परवडते का?” मी विचारलं. “परवडत नाही. पण हिशेब माहितीये आता.”

गेल्या चतुर्थीला काका स्वतःहून म्हणाले, “चल, रांजणगावच्या गणपतीला सोड.” पुढच्या सीटवर बसले, बेल्ट लावला. शिक्रापूर गेल्यावर हळूच म्हणाले, “जरा पळव की.”

दादाने गाडी ऐंशीवरच ठेवली.