उतारवयातील रुचिपालट

चाटी गल्लीतील पेढीवर चाळीस-पन्नास वर्षे बसलेले गृहस्थ व्यवहार मुलांच्या हाती सोपवून घरी विसावतात, तेव्हा दिनक्रमाबरोबर त्यांची आवडही पालटू लागते. घरातल्यांच्या ध्यानी हे उशिरा येते. वाढदिवसाला आणून दिलेली कादंबरी कपाटात तशीच राहते, चित्रपटाला नेले तर मध्यंतरातच घरी परतण्याची इच्छा व्यक्त होते, आणि ‘बाबांना आता कशातच रस उरला नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो बहुधा चुकीचा असतो. रस आटलेला नसतो, त्याने वाट बदललेली असते.

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट सोलापूरकरांना विशेष जवळचा आहे, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये याच नगरातला. तरुण प्रेक्षकाला त्यात धाडस दिसते, चीनमधील युद्धभूमी दिसते. तोच चित्रपट ऐंशीव्या वर्षी पाहणाऱ्याचे मन मागे राहिलेल्या घराकडे वळते. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. ज्याने स्वतः मुले परगावी पाठविली आहेत, त्याला या कथेत वेगळेच काही ऐकू येते.

दूरदर्शनचेही तसेच. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी सारे घर, शेजाऱ्यांसह, एका संचासमोर बसत असे. आज घरात प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे. चौविहार पाळणाऱ्या वृद्धांचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपते, मुले मात्र दुकान बंद करून रात्री परततात. मधले तीन-चार तास मोठे असतात. ते भरून काढण्यासाठी लावलेली मालिका आवडीची असतेच असे नाही, घरात माणसांचा आवाज असावा एवढीच कित्येकदा अपेक्षा असते.

आपल्या शास्त्रकारांनी वाचकांची भिन्न रुची फार पूर्वीच ओळखली होती. प्रथमानुयोगात पुराणे व चरित्रे, करणानुयोगात लोकरचना व कर्मविचार, चरणानुयोगात आचार, द्रव्यानुयोगात तत्त्व, अशी जिनवाणीची चार दालने आहेत. एके काळी शलाकापुरुषांच्या कथांत रमणारा श्रावक पुढे आत्मविचाराकडे वळतो. उलटही घडते. वर्षानुवर्षे तत्त्वचर्चा केलेले आजोबा नातवंडांसाठी पुन्हा चरित्रकथांकडे येतात. यांपैकी कोणतीही वाट कमी प्रतीची नव्हे.

उत्तरायुष्यातील आवडीतून केवढे कार्य उभे राहू शकते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० मध्ये आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्म व समाजासाठी वेचण्याची तळमळ लागली. त्यांनी देशभर फिरून विद्वानांची मते घेतली, १९४१ च्या उन्हाळ्यात गजपंथ येथे त्यांना एकत्र बोलाविले आणि जैन संस्कृती संरक्षक संघासाठी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची सर्व संपत्ती त्यांनी संघाला अर्पण केली. डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला प्राकृत ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’ जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आला, आणि पुढे अनेक ग्रंथ आले.

अर्थात प्रत्येक वृद्धाची ओढ शास्त्राकडेच असेल असे गृहीत धरणे हाही अन्यायच. वय झाले म्हणून कोणाच्या हातून क्रिकेटचा सामना काढून घेऊन प्रवचनाची वाहिनी लावून देणे योग्य नव्हे. आधी विचारावे. वाचन अचानक सुटले असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी, आवाज फार वाढवावा लागत असेल तर कानांची. ठळक टाइपातील पुस्तके आणावीत. हिराचंद नेमचंद वाचनालयात त्यांच्यासोबत जाऊन पुस्तक त्यांनाच निवडू द्यावे.

आणि दिवसातून थोडा वेळ त्यांच्या आवडीचे काही त्यांना वाचून दाखवावे. सामायिकाला दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. वाचून दाखविण्यास त्याच्या निम्मा वेळही पुरे. वाचता वाचता ते मध्येच थांबवून एखादी जुनी हकिकत सांगू लागले, तर पुस्तक मिटून ती ऐकावी.