दुसऱ्याच्या रानात

सव्वापाच वाजलेत. मागच्या दाराची जाळी ढकलते तर लोखंडाला अजून कालची ऊब आहे. 22 जून. नोएडातला आमचा तळमजल्यावरचा परस म्हणजे बारा फुटी पट्टा. त्यात एक कडुनिंब, एक पेरू आणि भिंतीलगत वाळक्या पानांचा ढीग. मी परळ काथ्यानं घासते, दोन पेरं पाणी ओतते. माळीबाबा याला सकोरा म्हणतात. रोज घासला नाही तर दोन दिवसांत शेवाळ धरतं, मग डास.

सासूबाई चहाचा कप घेऊन येतात. बुलढाण्याहून येऊन त्यांना आठ दिवस झालेत.

"आले नाहीत का गं तुझे पाहुणे?"

"येतील. आई, फक्त पाय हलवू नका."

पेरूवर दयाळ गातोय. त्याला श्रोते असले-नसले सारखेच. कुठेतरी तांबटानं ठोकायला सुरुवात केलीय. मग भिंतीवर एक मातकट पक्षी येऊन बसतो, मान वाकडी करून आमच्याकडे बघतो, आणि पिशवी फाटून बटाटे सांडावेत तसे बाकीचे त्याच्यामागून धपाधप पाचोळ्यात पडतात. सातभाई. पांढुरके डोळे, पिवळट चोच आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच घरात भांडून बाहेर पडल्याचा भाव. मी मोजते: नऊ. हिंदीतही ते सातभाईच, इंग्रजीत मात्र सात बहिणी झाल्यात. नर-मादी दिसायला सारखीच, तेव्हा दोन्ही भाषांना माफ करायला हवं.

भिंतीवरचा खाली उतरत नाही, तो पहाऱ्यावर आहे. बाकीचे पानं उलटून टाकतायत. एक पान उचलायचं, फेकायचं, खाली बघायचं, पुन्हा दुसरं. ही पानं हीच माझी सगळी गुंतवणूक. पहिल्या उन्हाळ्यात मी तांदूळ आणि पोळीचे तुकडे टाकत होते. त्याला कोण आलं? पारवे. चार दिवसांत शेजारच्यांच्या एसीवर चाळीस पारवे, खाली पांढरा सडा आणि आमच्या दारावर तक्रार. (2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबई पेटली, तेव्हा आमचे शेजारी मला बातम्या पाठवत होते.) दाणे बंद केले. केरसुणीही बंद केली. पानं साठली, पानांखाली किडे आले, किड्यांमागून हे आले. माळीबाबा अजूनही दर सोमवारी हळूच विचारतात, "मॅडम, आज तो उठा लूँ?"

नवांतला एक लंगडा आहे. डावा पाय टेकत नाही, उडी मारली की किंचित कलतो. आईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला लंगडोबा करून टाकलं. दोन वर्षांपूर्वी दाराची कडी वाजली तरी हा टोळीसकट निंबावर जायचा. मग मी खुर्ची टाकून नुसतीच बसायला लागले. हातात काही नाही, मोबाइलही नाही. अंतर फरशांनी मोजायचं: आधी भिंत, मग सात फरश्या, गेल्या दिवाळीत पाच, आता तीन. यातली एकही फरशी मी पुढे सरकलेले नाही.

ब्रिटनचे उच्चायुक्त माल्कम मॅकडोनाल्ड 1955 ते 60 या काळात दिल्लीत होते. आज राजाजी मार्ग म्हणतात त्या रस्त्यावरच्या बंगल्याच्या बागेत ते पक्षी बघत. त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, फोटो क्रिस्टिना लोक यांचे. त्यांच्याकडे हिरवळ होती आणि मोठमोठी झाडं. माझ्याकडे पाचोळा आहे. दिल्लीनं 2012 मध्ये चिमणीला राज्यपक्षी केलं, पण आम्ही पडलो यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशात. इथला राज्यपक्षी सारस. तो काही बारा फुटांत उतरायचा नाही.

"ऐक," आई कप खाली ठेवतात.

सोसायटीच्या फाटकाकडच्या झाडातून पावशा ओरडतोय. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा वर चढते आणि शेवटी एकदम तुटते. माळीबाबांना त्यात 'पी कहाँ' ऐकू येतं.

"पेरते व्हा म्हणतोय," आई म्हणतात. "आर्द्रा लागल्या. आणि धाकटा काल फोनवर सांगत होता, मृग कोरडाच गेला."

इतक्यात पेरूच्या खालच्या फांदीवर काहीतरी फडफडतं. पहारेकरी ओरडत नाही, म्हणजे शिक्रा नाही. पण शिक्र्यासारखाच पट्टेरी आहे, पोटावर तपकिरी फराटे. सातभाईपेक्षा चांगलाच मोठा आणि धड उडताही येत नाही. चोच वासून तो किरकिर लावतो. पाचोळ्यातला एक सातभाई अळी घेऊन वर जातो आणि त्या चोचीत आपलं जवळजवळ अख्खं डोकं घालतो. तो उतरतो न उतरतो तोच दुसरा जातो. मग तिसरा.

"हे कुणाचं पिल्लू?"

"ओरडतोय ना, त्याच्या जातीचं. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. त्यांचंही निळं, हिचंही निळं. आणि यांच्यात एका घरट्याला सगळी टोळी भरवते."

आई बराच वेळ फांदीकडे बघत राहतात.

"म्हणजे लोकांना सांगायचं पेरते व्हा, आणि आपण दुसऱ्याच्या रानात पेरायचं."

पिल्लाची किरकिर थांबतच नाही. मला उगाच राग येतो. उठून फांदी हलवावी असं वाटतं. पण उठले तर दोन वर्षांच्या फरश्या जातील. आणि नऊ जणांनी ज्याला आपलं म्हटलंय त्यात मी कोण?

साडेपाच झालेत. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आलंय. आत पंप सुरू होतो, तरी कुणी उडत नाही. लंगडोबा पाचोळ्यातून बाहेर येतो. तिसरी फरशी. थांबतो, एका डोळ्यानं आईंचं पाऊल बघतो. दुसरी. माझा श्वास अडकलेला. आईंच्या खुर्चीखाली काल रात्री वाऱ्यानं ढकललेली चार पानं आहेत, त्यातलं एक त्याला हवंय. आई खाली न बघता, अगदी सावकाश, पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून घेतात. तो खाली शिरतो, पान उलटतो, काहीतरी वळवळतं चोचीत धरतो आणि कलंडत पेरूकडे जातो.