रंगाचे पैसे कोण देतं?

दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका भिंतीवर झाशीची राणी घोड्यावर बसली आहे. ती रंगवली लेडी आयको या जपानी चित्रकर्तीनं. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये अशी पन्नासहून अधिक भित्तिचित्रं आहेत. कुठे पक्षी, कुठे नुसती अक्षरं. ‘डाकू’ या नावानं काम करणाऱ्या दिल्लीच्या कलाकारानं तर एका भिंतीतून बाहेर येणारी अक्षरं बसवली. सूर्य सरकतो तशी त्यांची सावली भिंतीवर शब्द लिहिते आणि पुसते. खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केटच्या मधला हा भाग पायी फिरायला दोन तास पुरतात. दिल्लीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी इथे जायला सांगते.

ही कॉलनी 1940च्या दशकातली, इंग्रजांनी दिल्लीत बांधलेली शेवटची सरकारी वसाहत. घरं केंद्र सरकारच्या नोकरांची, देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची. मधोमध कमान, दोन्ही बाजूंना सारख्या उंच भिंती, खाली चालायला रुंद रस्ता, म्हणजे चित्रकाराला हवं ते सगळं. ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’नं 2014मध्ये शाहपूर जाटपासून काम सुरू केलं. त्याच वर्षी आयटीओच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयावर हेंड्रिक बायकिर्श आणि अनपू वर्की यांनी गांधीजींचं सुमारे दीडशे फूट उंच चित्र काढलं. लोधी कॉलनीचं काम त्यानंतरचं. बांधकाम विभागानं परवानगी दिली, रंग एशियन पेंट्सचा आला, परदेशी चित्रकारांसाठी दूतावासांनी आणि सांस्कृतिक संस्थांनी हात पुढे केला.

यात महापालिकेचं अंदाजपत्रक कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही, आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. शहरानं स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या चित्रकाराला, स्वतःच्या रस्त्यावरचं काम द्यावं, ही साधी गोष्ट राजधानीत अजून रुळलेली नाही. भिंत मोठी असते. तिला क्रेन लागते, पाड लागतो, प्रायोजक लागतो, म्हणून ती महोत्सवाकडे जाते. स्थानिक चित्रकाराच्या मापाची वस्तू फूटपाथवर उभी आहे, ती म्हणजे विजेचा डबा.

मुंबईत त्याला फीडर पिलर म्हणतात, बाकी महाराष्ट्रात सर्रास डीपी. अकरा हजार व्होल्टची वीज रोहित्रात उतरते, ती गल्लीतल्या घरांना वाटण्याआधी या पत्र्याच्या पेटीत येते. आत बसबार आणि फ्यूज असतात, बाहेर दार, कुलूप आणि हवेसाठी जाळी. सिग्नलच्या खांबाशेजारी त्याचं नियंत्रण सांभाळणारी आणखी एक पेटी असते, टेलिफोनच्या केबलची तिसरी. तीन-चार फुटी पेटी, चार बाजू आणि समोरून दिवसभर माणसांची वर्दळ. एक माणूस दोन-तीन दिवसांत ती रंगवू शकतो, शिडीसुद्धा लागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात 1999पासून सिग्नलच्या पेट्या रंगवल्या जातात. नागरिक चित्र सुचवतात, महापालिका मान्यता देते. पुढे कितीतरी शहरांनी ही पद्धत घेतली. काही ठिकाणी दर पेटीमागे ठरलेलं मानधन असतं, आणि अर्ज करणाऱ्यानं त्याच शहरात राहावं अशी अट असते. मला ही अट फार मोलाची वाटते.

दिल्लीत याच्या सर्वांत जवळ जाणारं काम ‘दिल्ली स्ट्रीट आर्ट’ या गटाचं. योगेश सैनी यांनी लोधी गार्डनमधल्या कचऱ्याच्या डब्यांपासून सुरुवात केली. हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी जमली आणि कुणी ढुंकून पाहत नसलेले डबे बघण्याजोगे झाले. पुढे नवी दिल्ली नगरपालिका परिषदेबरोबर कॅनॉट प्लेसजवळचं शंकर मार्केट रंगलं. पालिकेचा डबा आणि गावातल्या माणसाचा ब्रश एकत्र येऊ शकतात, हे या कामानं दाखवलं. मात्र स्वयंसेवेवर शहराची कला कायमची चालू शकत नाही. चित्रकाराला घरभाडं भरायचं असतं.

डब्यांचं गाडं अडतं ते मालकीपाशी. 2002च्या जुलैत दिल्लीच्या बहुतेक भागाचं वीजवितरण तीन कंपन्यांकडे गेलं. त्यांत 51 टक्के हिस्सा खासगी, 49 टक्के दिल्ली सरकारचा. म्हणजे फूटपाथ एका कार्यालयाचा, त्यावरची पेटी दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा. वर कायदा आहे. 2007च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानुसार दिल्लीत परवानगीविना रंगवलं किंवा चिकटवलं तर एक वर्षापर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा कागदावर राहिलेला नाही. सप्टेंबर 2024मध्ये दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाच्या निवडणुकीची मतमोजणी उच्च न्यायालयानं थांबवली होती, कारण उमेदवारांच्या पोस्टर्सनी शहराच्या भिंती भरल्या होत्या. सफाई झाल्यावर नोव्हेंबरात मोजणी झाली. मला ते पटलं. पण त्याच कायद्याच्या धाकानं एखादी तरुण मुलगी आपल्या गल्लीतल्या पेटीला हात लावायला धजत नसेल, तर तिला परवानगी कुठे मिळते हे सांगणारी एक खिडकी हवी.

परवानगी असूनही भागत नाही, हेही दिल्लीनं पाहिलं आहे. मे 2016मध्ये शाहदऱ्यात सुलेखनकार अखलाक अहमद आणि फ्रेंच कलाकार स्वेन सिमों दिल्ली सरकारशी जोडलेल्या उपक्रमात एका भिंतीवर उर्दू ओळी लिहीत होते. जमावानं त्यांना थांबवलं आणि लिहिलेलं पुसायला लावलं. ज्या शहरात रस्त्यांच्या पाट्यांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चारही लिप्या रोज दिसतात, तिथे ही घटना घडली याचं मला आजही वाईट वाटतं. सरकारनं काम दिलं असेल, तर चित्रकाराच्या पाठीशी उभं राहण्याची जबाबदारीही त्या कामाचाच भाग आहे.

सरकारी पैशातून कला हा विचार या शहराला नवा नाही. संसद मार्गावरच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात यक्ष आणि यक्षी उभे आहेत. बँकेच्या इमारतीत भारतीय कलावंतांना काम मिळावं, ही सूचना जे. आर. डी. टाटांची. रामकिंकर बैज यांनी ते घडवले आणि 1967मध्ये काम पूर्ण झालं. त्याआधी 1959मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियानं बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी असा नियमच केला होता. आपल्याकडे इच्छा वेळोवेळी दिसली, शहराच्या पातळीवर तिचा नियम झाला नाही. म्हणून 2023मधल्या जी-20सारखी परिषद आली की घाईघाईनं भिंती रंगतात, पाहुणे गेले की काम थांबतं. अशी कामं निविदेनं निघाली की चौरस फुटाचा दर लागतो आणि सर्वांत कमी बोली जिंकते. त्या दरात कमळ, मोर आणि स्वच्छतेची घोषणा येते. ते काढणाऱ्याचं नाव कुठेही नसतं.

हा निनावी माणूस बहुतेकदा पाट्या रंगवणारा पेंटर असतो. फ्लेक्स आला आणि त्याचा धंदा बसला. स्टार्टच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी यांना त्याची कदर होती. 2024मध्ये, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. पेंटर कफील यांच्यासारख्यांची हातानं काढलेली अक्षरं त्यांनी संगणकावर जपली. आणि मुंबईकरांनी एक नाव लक्षात ठेवावं, रणजित दहिया. राजधानी क्षेत्रातल्या सोनीपत जिल्ह्यात चुना लावण्यापासून त्यांनी सुरुवात केली. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके दिसतात, ते 2014मधलं त्यांचं काम. असे हात सोनीपतला, गाझियाबादला, फरिदाबादला अजून आहेत.

सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर दिल्लीतच आहे. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचं क्षेत्र जेमतेम 43 चौरस किलोमीटर, पण तिथे रस्तेही तिचे आणि वीजवितरणही तिचंच. डबा, फूटपाथ आणि पैसा एकाच घरात आहेत. दरवर्षी काही डबे निवडावेत, दर डब्यामागे मानधन आधीच जाहीर करावं, निम्मं हातात दिल्यावर काम सुरू व्हावं. पत्रा घासून, रेड ऑक्साइड प्रायमर मारून, वर एनॅमल आणि शेवटी पारदर्शक थर, एवढं नीट केलं तर दिल्लीचं ऊन आणि पावसाळा चित्र काही वर्षं झेलेल. हवेची जाळी रंगानं बुजू नये. नियमानं सक्तीची असलेली कवटीची धोक्याची पाटी मोकळी राहावी. आणि तिच्या खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, चित्रकाराचं नाव असावं.