प्राणहितेकाठचे उडते सरीसृप आणि एका मोडक्या हाडाचा वाद

वणी परिसरात जमीन खोदली जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. उकणी, नीलजई, मुंगोलीच्या खाणींतून कोळसा निघतो आणि बाजूला मातीचे डोंगर उभे राहतात. एवढी खोल खोदाई होते, मग त्यात डायनोसॉर किंवा आकाशात उडणारे ते प्रचंड प्राणी का सापडत नाहीत, असा प्रश्न शाळकरी मुले हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पायाखालच्या खडकांतच आहे.

वणी आणि आसपासची जमीन अनेक मजली इमारतीसारखी आहे. मुकुटबनकडचा चुनखडक हा तळमजला. तो तयार झाला तेव्हा पृथ्वीवर हाडे असलेला एकही प्राणी नव्हता. त्यावरचा मजला कोळशाचा. हा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना असून ग्लॉसॉप्टेरिससारख्या वनस्पतींच्या दलदलीतून तो तयार झाला. सगळ्यात वर काळा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. झरी जामणी तालुक्यातील शिबला येथील दगडी खांब याच लाव्ह्याचे.

उडत्या सरीसृपांना शास्त्रज्ञ टेरोसॉर म्हणतात. ते पृथ्वीवर आले सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी आणि संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला कोळसा त्यांच्या आधीचा आणि बेसॉल्ट त्यांच्या शेवटच्या दिवसांतला. त्यांचा सुवर्णकाळ या दोन मजल्यांच्या मधला. तो मजला पाहायचा तर नदीबरोबर खाली जावे लागते.

चांदा जिल्ह्यातला शोध

वणीजवळून वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. ही प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. सिरोंचाच्या थोडे वर, नदीकाठी कोटा नावाचे गाव आहे. या छोट्या गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, कारण तिथल्या ज्युरासिक काळातील खडकांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात. कोळशाच्या थरांपासून या खडकांपर्यंतची सारी रास एकाच खचत गेलेल्या खोऱ्यात साठली आहे.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या होत्या, उथळ तळी होती. तळ्यांच्या चुनखडीत माशांचे जीवाश्म इतके सुंदर टिकले की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच त्यांची दखल घेतली गेली. याच थरांत बारापासॉरस हा महाकाय शाकाहारी डायनोसॉर सापडला. त्याच्या मांडीचे हाडच सुमारे १.७ मीटर लांब, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढे. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

याच खडकांतून टेरोसॉरचे अवशेष मिळाल्याची नोंद १९६३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालांत झाली. राव आणि शाह या दोन शास्त्रज्ञांच्या त्या लेखात ठिकाण होते महाराष्ट्रातील चांदा जिल्हा. तेव्हा सिरोंचा याच जिल्ह्यात होते, गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. पुढे १९७४ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांनी कोटा खडकातील एका तुटपुंज्या अवशेषाला ‘कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस’ हे नाव दिले. या कुळातले प्राणी तोवर जर्मनीतून माहीत होते. लांब शेपटी, अणकुचीदार दात आणि साधारण एक ते पावणेदोन मीटरचा पंखविस्तार, असा त्यांचा थाट.

पण नंतरच्या अभ्यासकांनी शंका काढली. एवढ्या मोडक्या तुकड्यावरून नवी जात ठरवता येत नाही, तो कदाचित माशाचाही असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे ‘इंडिकस’ हे नाव आज संशयित यादीत आहे.

हाडे कागदासारखी

उडणारा प्राणी आणि मासा यांच्यात गफलत कशी होऊ शकते, असे कुणालाही वाटेल. पण टेरोसॉरच्या अभ्यासाची सुरुवातच अशा गोंधळाने झाली. १७८४ मध्ये कोलिनी यांनी जर्मनीतील पहिल्या टेरोसॉरचे वर्णन केले, तेव्हा त्यांना तो समुद्रातला प्राणी वाटला होता. पूर्ण सांगाडा समोर असूनही! तो उडणारा सरीसृप आहे हे फ्रान्सच्या कुव्हिए यांनी १८०१ मध्ये ओळखले.

मोडक्या तुकड्यांची अडचण टेरोसॉरच्या शरीररचनेतूनच येते. उडायचे तर वजन कमी हवे. म्हणून त्यांची हाडे पोकळ, आत हवेच्या पिशव्या आणि हाडाची भिंत मोठ्या प्राण्यांतही अनेकदा मिलिमीटरभर जाडीची. जिवंतपणी हा फायदा, मेल्यावर तोटा. बारापासॉरसची मांडी गाळात दबूनही टिकते. टेरोसॉरचे हाड मात्र पुरात आपटून, गाळाखाली चेपून चुरा होते. ते नीट टिकायला शांत पाणी आणि बारीक चिखल लागतो.

एका बोटावर पंख

जिथे असा चिखल मिळाला, तिथून त्यांच्या जगण्याचे चित्र उभे राहिले आहे. टेरोसॉर हे डायनोसॉर नव्हेत, त्यांचे चुलत भाऊबंद. आजचे पक्षी डायनोसॉरपासून आले, टेरोसॉरचा वंश मात्र उरला नाही. पक्ष्याचा पंख पिसांचा असतो, वटवाघळाचा चार बोटांत ताणलेला. टेरोसॉरचा पंख एकाच, अतिशय लांब झालेल्या चौथ्या बोटावर तोललेला असे. पंखाच्या पातळ कातडीत बारीक तंतू होते. त्यामुळे ती वाऱ्यात नुसती फडफडत नसे. अंगावर केसांसारखे आवरणही होते.

जमिनीवर ते पंख मिटून चार पायांनी चालत, हे त्यांच्या पावलांच्या ठशांवरून दिसते. हवेत झेप घेतानाही पुढच्या बलवान हातांनीच जमीन रेटत असावेत, असे बऱ्याच संशोधकांना वाटते. टेक्सासमध्ये सापडलेल्या क्वेट्झालकोॲटलसचे पंख तर दहा मीटरपर्यंत पसरत.

ते खात काय? जर्मनीतील काही सांगाड्यांच्या पोटात मासे मिळाले. कॅम्पिलोग्नॅथॉइडिसच्या पोटात स्क्विडसारख्या मऊ सागरी प्राण्यांचे आकडे मिळाले. चीनच्या हामी भागात २०० हून अधिक अंडी एकत्र सापडली, त्यांतील १६ मध्ये भ्रूण होते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या शोधावरून ते पाण्याकाठी वसाहतीने अंडी घालत, हे कळले. अंड्यांचे कवच सरड्याच्या अंड्यासारखे मऊ होते. माशांनी भरलेली कोटाची तळी अशा प्राण्यांना मानवणारीच होती.

वाद कसा मिटेल?

संशोधक कितीही भांडले तरी हा वाद नवा, पूर्ण अवशेष मिळाल्याशिवाय मिटणार नाही. तो कुणाला मिळेल? मोठमोठे जीवाश्म अनेकदा गुराखी, शेतकरी, खदानीतले मजूर यांच्याच नजरेला आधी पडतात. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे अश्मीभूत झाडांचे जीवाश्म उद्यान आहे. वणीपासून फार लांब नसलेल्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावच्या शेतांतून डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते हे जगाला २००५ मध्ये कळले.

म्हणून एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. नाल्यात, शेतात किंवा खदानीत हाडासारखा, दातासारखा दगड दिसला तर तो फोडू नका, उचलून घरी आणू नका. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, जागा नीट टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. जीवाश्म कोणत्या थरात होता हे कळले नाही, तर त्याची निम्मी गोष्ट हरवते. आपल्या टेरोसॉरची गोष्ट आधीच एका तुकड्यावर अडली आहे. पुढचा तुकडा कुणाच्या तरी कुदळीखाली फुटू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.