रायफलसारखा खटका असलेलं पेन घरी कसं बनतं?
खटका सरकवला की रिफिल बाहेर! 'बोल्ट ॲक्शन' पेनांचं वेड अमेरिकेतल्या हौशी कातारींना आहे. पेन्सिल्व्हेनियातली पेन स्टेट इंडस्ट्रीज अशी किट विकते. टोक, क्लिप, खटका, पितळी नळी त्यांची, लाकूड तुमचं. लाकडाला भोक पाडा, नळी चिकटवा, लेथवर काता, भाग दाबून बसवा. सोपं वाटतं ना?

गोची होते ती नळीच्या तोंडाशी. लाकूड तिथे काटकोनात घासलं नाही, तर जोडावर फट दिसते. जास्त घासून पितळ झिजलं, तर नळी आखूड होते आणि रिफिल पूर्ण आत जातच नाही. दाबून बसवलेले भाग सहजी निघतही नाहीत, किट वाया. म्हणून आधी ७ मिलिमीटर नळीच्या स्वस्त 'स्लिमलाइन'वर हात बसवा. आणि हो, लेथसमोर चष्मा हवाच.